साठ ग्रंथपाल, एक दिवस आणि इंटरनेट

पत्र: मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या ग्रंथपालांना ‘कामात इंटरनेटचा वापर’ या विषयावर एक दिवस शिकवा, असं ग्रंथालय संघाच्या मंडळींनी मला सांगितलंय. साठेक जण येतील. बहुतेक ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे अनुदानाच्या खालच्या वर्गांतल्या वाचनालयांतले, वय चाळिशीच्या पुढचं, निम्म्याहून जास्त बायका. गेल्या वर्षी एक पाहुणे येऊन ‘ई-साधनां’वर स्लाइड दाखवून गेले. जेवणानंतर अर्धं सभागृह पेंगत होतं. निघताना एक बाई मला म्हणाल्या, “मॅडम, आमच्याकडे कॉम्प्युटरच नाही, मानधन तर विचारूच नका. हे शिकून आम्ही करायचं काय?” मला उत्तर देता आलं नाही. एका दिवसात काय शिकवू आणि काय सोडू? आणि एक छोटी गोष्ट. माझं मानधन किती, असं संघाने विचारलंय. घ्यावं का?
– एक ग्रंथपाल

सप्रेम नमस्कार ताई,

त्या बाईंना उत्तर देता आलं नाही याची रुखरुख लावून घेऊ नका. सुरुवात कुठून करायची हे त्यांनीच तुम्हाला सांगून टाकलंय. ‘हे शिकून करायचं काय’ याचं उत्तर पहिल्या अर्ध्या तासात, ज्याचं त्याला स्वतःच्या हाताने मिळायला हवं. तुमच्या भाषणातून मिळालेलं उत्तर चहापर्यंतसुद्धा टिकणार नाही.

म्हणून पहिला धडा त्यांच्या पोटापाण्याचा ठेवा. अनुदानाचा विषय निघाला की एकही ग्रंथपाल पेंगत नाही. २०२२ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने सार्वजनिक ग्रंथालयांच्या परिरक्षण, म्हणजे ग्रंथालय चालवण्याच्या अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली, हे सगळ्यांच्या कानावर आहे. पण आपल्या वर्गाला नेमके किती आणि कोणत्या अटींवर, हे बहुतेकांनी कार्यवाहांच्या तोंडून किंवा चहाच्या टपरीवर ऐकलेलं असतं. मूळ कागद पाहिलेले हात वर करा म्हणा, चार-दोन वर येतील. मग सांगा, काढा फोन, उघडा महाराष्ट्र शासनाचं शासन निर्णयांचं संकेतस्थळ आणि निवडा विभाग. इथेच मजा सुरू होते. कुणी शालेय शिक्षण निवडेल, कुणी मराठी भाषा, कुणी सांस्कृतिक कार्य. ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्र शिक्षण विभागाखाली येतं, हे वर्षानुवर्षं त्या विभागाचं अनुदान घेणाऱ्यांनाही पटकन आठवत नाही. विभाग सापडला की तारखेची चौकट भरायची, मग ‘ग्रंथालय’ हा शब्द टाकायचा. आपल्या पैशांचा कागद आपल्या फोनवर आपण उघडला, की त्या दिवशी इंटरनेट कशाला हवं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तो कागद समोर आहे तोवरच पुढची गोष्ट दाखवून घ्या. प्रत्येक शासन निर्णयाला अठरा आकडी संगणक सांकेतांक असतो. त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. व्हॉट्सॲपवर आठवड्याला दोन तरी ‘नवीन जीआर’ फिरत असतात: अमक्यांना मोफत तमकं, तमक्यांची पेन्शन बंद. कागदावरचा सांकेतांक संकेतस्थळावर टाकून बघायचा. सांकेतांकच नसेल किंवा टाकूनही काही निघत नसेल, तर वाचकाला सांगायचं की दादा, यावर विसंबून तहसीलला चक्कर मारू नका, मी दोन दिवसांनी पुन्हा बघते. गावात हे सांगू शकणारी माणसं फार थोडी असतात. ग्रंथपाल त्यांपैकी एक असेल, तर वाचनालयाला लागलेलं कुलूप कुणाला तरी खटकेल.

आता सोडायचं काय. तुम्ही महाविद्यालयातल्या आहात, त्यामुळे तुमच्या तोंडी एन-लिस्टवरची ई-पुस्तकं, शोधगंगेवरचे प्रबंध, संशोधन नियतकालिकांचे डेटाबेस पटकन येणार. गेल्या वर्षीच्या पाहुण्यांनी बहुधा तेच केलं. एन-लिस्ट महाविद्यालयांसाठी आहे, गावच्या वाचनालयाला ते मिळत नाही, आणि तिथे येणाऱ्या वाचकाला पीएचडीचा प्रबंध नको असतो. इंटरनेटचा इतिहास, सर्व्हर म्हणजे काय, ब्राउझरचे प्रकार, हे सगळं गाळा. ग्रंथालयशास्त्राच्या रंगनाथनांच्या पाच सूत्रांची स्लाइडसुद्धा गाळा. मला त्या माणसाबद्दल अतोनात आदर आहे, पण दर १२ ऑगस्टला त्यांच्या फोटोला हार घालणाऱ्या लोकांना ती सूत्रं पाठ असतात. वाचकाचा वेळ वाचवा असं त्यांनी १९३१ मध्ये लिहून ठेवलं. तो कसा वाचवायचा, हे दाखवायला तुम्हाला बोलावलंय.

निमंत्रणाच्या पत्रातच एक ओळ घालायला संघाला सांगा: येताना पाच प्रश्न लिहून आणा. गेल्या महिन्याभरात वाचकाने विचारलेले आणि ज्यांवर तुम्ही ‘आपल्याकडे नाही’ असं म्हणून त्याला परत पाठवलं, असे. तुमचा सगळा अभ्यासक्रम त्या वह्यांतून येईल. काही जण रिकाम्या हाताने येतील, म्हणून चार-पाच प्रश्न स्वतःजवळ ठेवा. मी सुचवतो ते असे.

आजोबांना गावाचा इतिहास हवाय, ग्रामपंचायतीच्या स्मरणिकेत छापायला. यासाठी राज्याच्या दार्शनिका विभागाची जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचे सरकारी ग्रंथ आहेत, संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. पण तुमच्या भागात यात एक मेख आहे, आणि शिकवायला तीच उत्तम. हिंगोली जिल्हा झाला १९९९ मध्ये. त्याआधीच्या गॅझेटियरमध्ये हिंगोलीतलं गाव परभणीखाली शोधावं लागतं. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादचा भाग होता, जालना १९८१ पर्यंत औरंगाबादचा. शिवाय आज नकाशावर धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर आहे, पण जुन्या ग्रंथात शोधताना जुनंच नाव टाकावं लागणार. पुण्या-साताऱ्याकडच्या लोकांना इंग्रज अमदानीतली मुंबई इलाख्याची गॅझेटियर मिळतात. मराठवाडा निजामाकडे होता, त्यामुळे त्या मालिकेत आपलं गाव शोधत बसण्यात अर्थ नाही. हे ज्याला ठाऊक आहे त्याला पाच मिनिटांत पान सापडतं. ज्याला ठाऊक नाही तो ‘गूगलवर काही नाही’ म्हणून मोकळा होतो. इतिहास-भूगोल डोक्यात असलेल्या जुन्या ग्रंथपालांचं पारडं इथे चटपटीत पोरांपेक्षा जड असतं. ही गोष्ट सभागृहात मोठ्याने बोला. पन्नाशीच्या बाया ताठ होऊन बसतील.

दुसरा प्रश्न शेतकऱ्याचा: सोयाबीन पिवळं पडलंय, काय फवारू? यूट्यूबवर शंभर डॉक्टर भेटतील आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना एखादी बाटली विकायची असेल. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला काढतं, तोही मराठीत. तो कुठे मिळतो ते दाखवा. वाचनालयाच्या फळ्यावर ज्या जागी सुविचार लिहितात, तिथे आठवड्यातून दोनदा हा सल्ला लिहिला तर वर्तमानपत्र चाळायला येणारा शेतकरी आधी फळा वाचेल. सुविचारावर माझा राग नाही, पण सोयाबीनला त्याचा उपयोग नाही.

तिसरा, अभ्यासिकेतल्या मुलीचा. राज्यसेवेच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका तिला कुणीतरी टेलिग्रामवरून दिल्यात, त्यातली दोन उत्तरं पुस्तकाशी जुळत नाहीत. लोकसेवा आयोगाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मागच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका फुकट असतात. हीच सवय नोकरीच्या जाहिरातींना लावायची. जाहिरात व्हॉट्सॲपवर आली, की त्या खात्याच्या मूळ संकेतस्थळावर ती आहे का ते बघायचं, नसेल तर पैसे भरू द्यायचे नाहीत. नोकरीच्या नावाखाली ‘फॉर्म फी’ उकळणाऱ्यांनी खेड्यापाड्यांतल्या कितीतरी पोरांना गंडवलंय.

चौथा, शाळेतल्या मुलाचा प्रकल्प. पाठ्यपुस्तक हरवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ते पीडीएफमध्ये आहे. विषयाची माहिती हवी असेल तर मराठी विश्वकोशाचे वीसही खंड ऑनलाइन आहेत. वाईच्या या कोशाइतका भरवशाचा मराठी मजकूर इंटरनेटवर क्वचितच मिळेल. तरी तिथेही डोळे उघडे ठेवायला शिकवा. पहिला खंड १९७६ चा, त्यामुळे जुन्या नोंदींत एखाद्या शहराची लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेतली असते. मूल ती आजची म्हणून वहीत उतरवून घेतं. विकिपीडियावर आकडा ताजा मिळेल, पण तो कुठून घेतला हे खाली पाहायचं. दोन्ही शेजारी शेजारी उघडून दाखवा. कुठलं चांगलं, या वादात शिरू नका. कुठलं कशासाठी, एवढंच.

कथा-कादंबऱ्यांच्या वाचकांसाठी साहित्य आणि संस्कृती मंडळाची मोफत पुस्तकं आणि हक्क संपलेली पुस्तकं ठेवणारं मराठी विकिस्रोत एवढी दोन नावं पुरेत. बाकीचं ते स्वतः शोधतील.

हे सगळं फोनवर करा. संगणक नाही ही त्यांची अडचण खरी आहे, पण त्या दिवशी ती मध्ये येऊ देऊ नका. जवळजवळ प्रत्येकाकडे स्मार्टफोन असतो. ज्याच्याकडे नसेल, किंवा ज्या बाईंचा फोन मुलगा कॉलेजला घेऊन गेला असेल, त्यांना शेजारणीबरोबर बसवा. खरा अडथळा मराठी लिहिण्याचा असतो. बरेच जण ‘granthalay’ छाप रोमन मराठीत शोधतात, मग निकालही तसेच भलतेसलते येतात. कळफलकात मराठी भाषा घालून देणं आणि माइकचं चिन्ह दाबून बोलून लिहिणं, यासाठी वीस मिनिटं राखून ठेवा. बोललेलं मराठी फोन आता चांगलं लिहितो. नावं चुकवतो, गावांची तर हमखास, ती हाताने दुरुस्त करावी लागतात. टंकलेखनाची भीती असलेल्या माणसाचा चेहरा या वीस मिनिटांत बदलतो.

शोधण्याच्या युक्त्या फार सांगू नका, तीन पुरे. नेमका शब्दसमूह हवा तर तो अवतरणचिन्हांत टाकायचा. फक्त सरकारी संकेतस्थळं हवीत तर इंग्रजीत साइट, लगेच कोलन आणि जागा न सोडता जीओव्ही डॉट इन (site:gov.in). आणि एका शब्दाने सापडलं नाही तर त्याच अर्थाचा दुसरा टाकून बघायचा: वाचनालय, ग्रंथालय, लायब्ररी. तिसरी युक्ती सर्वांत कामाची, आणि ग्रंथपालांना ती उपजत येते, कारण वाचक ‘ते निळ्या कव्हरचं पुस्तक’ म्हणाला तरी त्यांना कळायची सवय असते.

हल्ली शोधलं की सगळ्यात वर यंत्राने लिहिलेलं तयार उत्तर येतं, किंवा वाचक थेट चॅटजीपीटीला विचारून आलेला असतो. यावर व्याख्यान देऊ नका. प्रत्येकाला त्याच्या गावच्या ग्रामदैवताची जत्रा कधी असते आणि देऊळ कुणी बांधलं हे यंत्राला विचारायला लावा. ज्या गोष्टीत आपण स्वतः जाणकार आहोत, तिथे यंत्र किती ठामपणे काहीबाही सांगतं हे एकदा दिसलं, की बाकीच्या उत्तरांकडेही माणूस तिरक्या नजरेने बघायला लागतो. काहींना उत्तर बरोबरही मिळेल. मग ते कुठून घेतलं, तो दुवा उघडायला सांगा. सवय तीच लावायची आहे.

एक विषय मात्र टाळू नका, कारण तो उद्याच त्यांच्या अंगावर येणार आहे. पुस्तकांच्या पीडीएफ. ‘मॅडम, ती कादंबरी ग्रुपवर टाका ना’ असं वाचक म्हणतातच. नियम सोपा आहे: लेखकाचं निधन ज्या वर्षी झालं, त्याच्या पुढच्या जानेवारीपासून ६० वर्षं त्याच्या लेखनावर हक्क असतो. साने गुरुजी गेले १९५० मध्ये, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं. आचार्य अत्रे गेले १९६९ मध्ये, त्यांचं २०२९ संपेपर्यंत खुलं नाही. ही दोन नावं फळ्यावर लिहिली की गणित कळतं, कायद्याची कलमं लागत नाहीत. अनुवादाला वेगळा हक्क असतो, हेही सांगा. मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वी गेला असला तरी कालपरवाचा अनुवाद मोकळा नसतो. आणि एखादं पुस्तक इंटरनेट अर्काइव्हवर दिसलं म्हणून ते वाटायला खुलं आहे असं नाही, तिथे कुणीही काहीही चढवतो. आपल्याकडची जीर्ण झालेली प्रत टिकवण्यासाठी स्कॅन करून ठेवायला २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायदा ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला परवानगी देतो. ती जपण्यापुरती आहे, ग्रुपवर वाटण्यापुरती नाही.

दुसरा न टाळण्याचा विषय ओटीपीचा. लोक ग्रंथपालाच्या हातात विश्वासाने फोन देतील: ताई, तेवढा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरा, तेवढं आधार जोडा. मदत करायची, पण आकडे वाचकाने स्वतः टाकायचे. ओटीपी मोठ्याने वाचायचा नाही, पासवर्ड आपल्या वहीत लिहून ठेवायचा नाही. कुणाच्या खात्यातून काही गेलं तर पहिलं बोट ग्रंथपालाकडे जातं आणि कार्यकारी मंडळ त्या वेळी पाठीशी उभं राहीलच असं नाही. हे रागावून सांगा. हसत सांगितलं तर लोक मनावर घेत नाहीत.

ग्रंथालयाचं संगणकीकरण या एका दिवसात नको. ग्रंथालयाच्या कामाच्या संगणकप्रणालींबद्दल कुणीतरी विचारेलच: कोहा चांगलं की ई-ग्रंथालय? कोहा फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रामीण ग्रंथालय संस्थेने आपल्यासाठी करून घेतलं आणि २००० च्या जानेवारीत सुरू केलं, ही गोष्ट गावच्या ग्रंथपालांना ऐकायला आवडते. पण ते चालवायला कुणीतरी जाणता माणूस हाताशी लागतो, आणि तो गेला की काम ठप्प होतं. जिथे अजून एक संगणक नाही, तिथे ही चर्चा म्हणजे बारशाआधी लग्नाची बोलणी. इच्छुकांचा वेगळा दिवस घ्या. त्या सगळ्यांना आज एवढंच सांगा, की पुस्तकांची यादी कुणाकडूनही टंकून घेणार असाल तर ती युनिकोडमध्येच घ्या. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये केलेल्या याद्या मी खूप पाहिल्यात. छापल्या तर सुंदर दिसतात, पण दुसऱ्या संगणकावर उघडल्या की बाराखडीचा चिवडा होतो आणि शोध चालत नाही. युनिकोडमध्येही एक खोडी आहे. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण यंत्र त्यांना दोन वेगळे शब्द समजतं. ‘ॲ’चंही तेच. म्हणून एका ग्रंथालयात एकच कळफलक आणि लेखकाचं नाव लिहायची एकच पद्धत: आडनाव आधी की आद्याक्षरं आधी, टिंबानंतर जागा की नाही. दाखल अंकाच्या वहीत जी शिस्त ते तीस वर्षं पाळत आलेत, तीच इथे हवी. हे त्यांना एका वाक्यात कळेल, तुमच्या संगणकाच्या प्राध्यापकांना कदाचित कळणार नाही.

आता त्या दिवसाची व्यवस्था. साठ जण एका सभागृहात आणि व्यासपीठावर तुम्ही, असं असेल तर वर लिहिलेलं काहीही होणार नाही. संघाला विचारा, तीस-तीसचे दोन दिवस करता येतील का. नाही म्हणाले तर तुमच्या महाविद्यालयातली सात-आठ चुणचुणीत मुलं बरोबर घ्या, आठ-आठ जणांचे गट करा आणि प्रत्येक गटात एकाला बसवा. मुलांना सक्त ताकीद द्या की कुणाच्याही हातातून फोन घ्यायचा नाही. ‘द्या इकडे काकू, मी करून देतो’ म्हणणारा मुलगा कुणालाही काही शिकवत नाही. सभागृहात नेटवर्क येतं का ते आधी जाऊन बघा. भिंती जाड असतील तर बाहेरचा मंडप बरा. उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगत यांत बारा वाजतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. अध्यक्षांना आधीच भेटून हे सगळं जेवणाच्या वेळेला नेता येईल का विचारा. चार वाजता लोकांची एसटी असते, म्हणजे शिकवायला हातात खरे तीन-साडेतीन तासच उरतात.

आणि तिकीट कोण देणार? हे पत्रावर स्पष्ट छापून घ्या. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथपालाला येण्याजाण्याचं भाडं स्वतः भरून प्रशिक्षणाला यायला लावणं, हे मला कधी पटलेलं नाही. पैसे नाहीत असं संघ म्हणाला, तर अध्यक्षांच्या कानावर एक गोष्ट घाला. ब्रिटनमध्ये शतक बदलताना सार्वजनिक ग्रंथालयं इंटरनेटला जोडली, तेव्हा लॉटरीच्या निधीतून २ कोटी पौंड केवळ कर्मचाऱ्यांना शिकवायला वेगळे काढून ठेवले होते. यंत्रांचा खर्च त्याहून निराळा. आपण पौंडांत बोलत नाही, पण एसटीच्या तिकिटाएवढं तरी वेगळं काढता येतं.

तो दिवस संपला की काम संपत नाही, आणि इथेच बहुतेक प्रशिक्षणं वाया जातात. एक व्हॉट्सॲप गट करा, त्यात सुप्रभात आणि वाढदिवस बंद. दर सोमवारी एक खरा प्रश्न टाका, कुणाच्या तरी वाचकाने विचारलेला. उत्तर देणाऱ्याने ते कुठे आणि कोणते शब्द टाकून सापडलं, हे लिहायचं. पहिले काही आठवडे दोघी-तिघीच उत्तरं देतील, बाकीच्या नुसत्या वाचतील. वाचू द्या. तुम्ही स्वतः मात्र लगेच उत्तर टाकू नका, बुधवारपर्यंत थांबा. शक्य झालं तर तीन-चार महिन्यांनी अर्धा दिवस पुन्हा जमा. प्रमाणपत्रही द्या. आपल्या शिकलेल्या लोकांना प्रमाणपत्राचं हसू येतं, पण ज्या बाईंनी प्रमाणपत्र परीक्षा देऊन पंचवीस वर्षं एक खोली सांभाळली, त्यांच्या घराच्या भिंतीवर ते लागतं.

राहिला त्या बाईंचा मानधनाचा मुद्दा. तो यंदाही निघणार, बहुधा जेवणाच्या पंगतीत. त्यावर ग्रंथसेवेचं महत्त्व सांगू नका, ते ऐकून त्यांचे कान किटलेत. पैसे कमी आहेत आणि काम वाढणार आहे, हे सरळ कबूल करा. मग एक व्यवहाराची गोष्ट सुचवा: उत्तर दिलेल्या प्रत्येक प्रश्नाची एका ओळीत नोंद ठेवा. तारीख, प्रश्न, कुठे सापडलं. वाचकाचं नाव नको. वर्षअखेरीला आकडा वार्षिक अहवालात घाला आणि कार्यकारी मंडळापुढे वाचा. तपासणीला अधिकारी आले की वही पुढे करा. आजवर त्यांचं काम देवघेवीच्या आकड्यावर मोजलं गेलं, आणि तो आकडा सगळीकडेच खाली चाललाय. मोजायला दुसरं काही पुढे ठेवलं नाही तर मानधन वाढवा म्हणायला त्यांच्या हातात काहीच नसेल. वाढेलच असं वचन मात्र देऊ नका, ते आपल्या हातात नाही.

तुमचं मानधन: घ्या. फुकट शिकवलं तर पुढच्या वर्षी फुकट येणारा दुसरा कुणी स्लाइड घेऊन उभा राहील, आणि संघाला दोघांत फरक दिसणार नाही. रक्कम संघ इतर व्याख्यात्यांना देतो तेवढीच मागा. मदतीला येणाऱ्या मुलांचं जेवण आणि प्रवासखर्च त्यात धरू नका, तो वेगळा लिहून द्या. आणि संकेतस्थळांच्या नावांचं एक पान, मोठ्या अक्षरात, दोन्ही बाजूंनी छापलेलं, साठ प्रती, हेही त्याच पत्रात मागून घ्या. ऐन वेळी झेरॉक्सवाला बंद असतो.